दोन घरांचं विरजण

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयाभोवती फिरत होती, जिवांच्या नवीन जाती कशा तयार होतात, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. तेहेतीस वर्षं नाशिकच्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, त्यात हा धडा मला सगळ्यांत जवळचा. पहिलं उत्तर त्यामुळे लांबलं आहे.

प्रश्न : आम्ही मित्र भाद्रपदात अंजनेरीवर गेलो होतो. तिथे भेटलेल्या एका काकांनी कंदीलपुष्पाचं एक झाड दाखवलं आणि सांगितलं, की ही जाती पहिल्यांदा याच डोंगरावर सापडली आणि जगात फार थोड्या ठिकाणी आहे. आमच्या पुस्तकात ‘भौगोलिक विलगीकरणामुळे नवीन जाती निर्माण होतात’ एवढं एकच वाक्य आहे. डोंगर एकटा पडला म्हणून झाड बदलतं, म्हणजे नक्की काय होतं? जगण्यासाठी ते स्वतःत बदल करून घेतं का?
— बी.एस्सी. दुसरं वर्ष, नाशिक

उत्तर : तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. नाही, झाड स्वतःत काही बदल करून घेत नाही. त्याला गरज कळत नाही, आणि कळली तरी आपली जनुकं बदलणं त्याच्या हातात नाही. बदल न विचारता होत असतात. प्रत्येक पिढीत जनुकांची नक्कल होताना थोड्या चुका होतात. अंजनेरीवरच्या झाडात होतात, तुझ्या-माझ्यातही होतात. डोंगर एकटा पडला म्हणून त्या वाढत नाहीत. मग एकटं पडल्याने फरक कशाचा पडतो? मिसळणं थांबतं, त्याचा.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरहून निघताना आईने मला छोट्या डब्यात विरजण दिलं होतं. दोन वर्षांनी धाकटी बहीण लग्न होऊन भुसावळला गेली, तिलाही त्याच भांड्यातलं दिलं. पुढे दहा-बारा वर्षांनी तिच्याकडे जेवायला बसले आणि दह्याचा पहिला घास घेतल्यावर थांबलेच. ते आईच्या चवीचं नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. तिचं आंबट, दोन-तीन तासांत लागणारं. माझं घट्ट आणि गोडसर. दोघींनी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. कालच्यातलं चमचाभर आजच्या दुधात, एवढंच रोज केलं होतं. त्या चमच्यात जे जंतू आले ते पुढे गेले, जे राहून गेले ते संपले. आलेल्यांपैकी ज्यांना भुसावळचं ऊन मानवलं ते तिकडे वाढले, नाशिकच्या थंडीत तगले ते माझ्याकडे. आता गंमत बघ, माझ्या शेजारणीचं आणि माझं दही वीस वर्षं एकाच चवीचं आहे. कारण दोघींपैकी कुणाचं विरजण बिघडलं, की कंपाउंडच्या भिंतीवरून वाटी जाते. भुसावळहून वाटी येत नाही.

तुझ्या धड्यातलं सगळं यात आलं. नक्कल करताना होणाऱ्या चुका, चमच्यात कोण आलं हा निव्वळ नशिबाचा भाग, आणि तिथल्या हवेत कोण तगलं ही निवड. हे तिन्ही सगळीकडे, सतत चालू असतात. पण जोवर वाटी येत-जात असते, तोवर एका बाजूला साठलेला फरक दुसऱ्या बाजूला पोचतो आणि पुसट होतो. मध्ये दरी आली, समुद्र आला, वाळवंट आलं, की पुसणारा हात जातो आणि फरक साठत राहतात.

दह्याचा दाखला इथे संपतो, कारण दही पुन्हा मिसळता येतं. जिवांच्या बाबतीत एक टप्पा असा येतो, की दोन्हीकडचे समोरासमोर आले तरी जमत नाही. एकमेकांना ओळखत नाहीत, किंवा ओळखलं तरी पिल्लू जगत नाही, किंवा जगलं तरी त्याला पुढे संतती होत नाही. त्या टप्प्यावर आपण म्हणतो, की या आता दोन जाती झाल्या. जातीची ही व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली ठामपणे मांडली. न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवरचे पक्षी त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासले होते. बेट बदललं की पक्षी थोडा वेगळा, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची ती व्याख्या आहे.

आता अंजनेरी. सुमारे ४,२०० फुटांवरचं ते पठार तू पाहिलंसच. काळ्या खडकावर पातळ माती, पावसाळ्यात चिंब आणि पुढचे सात-आठ महिने रखरखीत. तू पाहिलेल्या झाडाला सेरोपेजिया अंजनेरिका हे नाव २००६ साली मिळालं. वेलीसारखं न चढता सरळ उभं राहणारं हे झाड अशाच उघड्या माथ्यावर जगतं. खालची भातखाचरं आणि गच्च झाडी म्हणजे त्याच्या दृष्टीने समुद्रच. आपल्याला नकाशावर एकच सह्याद्री दिसतो, पण माथ्यावरच्या झाडाला ती बेटांची रांग आहे. म्हणूनच हरिश्चंद्रगडावर गेलास तर तिथलं कंदीलपुष्प वेगळं, सेरोपेजिया लॉई. पाचगणीच्या नावाचंही एक आहे, सेरोपेजिया पांचगणीएन्सिस.

पण कंदीलपुष्पाचं बी तर रुईच्या म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, दोन्ही एकाच कुळातली, मग दरी ओलांडणार नाही का? ओलांडेल, कधीतरी. उडणं मात्र पुरेसं नाही. ते योग्य मातीत पडायला हवं, रुजायला हवं, तिथल्या झाडांबरोबर त्याच आठवड्यांत फुलायला हवं, आणि त्याच्या फुलात गेलेली माशी पुढे शेजारच्या फुलात जायला हवी. कंदीलपुष्प हा माशांचा सापळा आहे. आत शिरलेल्या माशीला नळीतले खाली वळलेले केस अडवतात, ते सुकले की ती परागांचं ओझं घेऊन सुटते. फुलाचा वास आणि आकार थोडा बदलला तर येणारी माशीही बदलू शकते. मग दोन्ही झाडं एका हातावर उभी असली तरी परक्यासारखीच.

एक सावधगिरी मात्र बाळग. एखादी जाती एकाच डोंगरावर सापडली म्हणजे ती तिथेच घडली, असं धरून चालायचं नाही. कधी पूर्वी दूरवर पसरलेली जाती आटत आटत शेवटच्या डोंगरावर उरलेली असते. कोणती गोष्ट कुठे घडली, हे नात्यातल्या जातींची जनुकं शेजारी ठेवून वाचावं लागतं.

तशी वाचलेली एक गोष्ट आपल्याच सह्याद्रीत दक्षिणेला आहे. केरळ आणि तमिळनाडूच्या मधोमध पालघाट खिंड आहे, सुमारे ३० किलोमीटर रुंद. आपला थळघाट उतरायला अवघड, तरी तो डोंगरच. पालघाटला मात्र डोंगर तुटलेलाच आहे. दोन्ही बाजूंच्या उंच, थंड शोला जंगलांत राहणारे काही छोटे पक्षी ती उष्ण खिंड ओलांडत नाहीत. उत्तरेकडे निलगिरीतला निळा रॉबिन एक, दक्षिणेकडे पांढऱ्या पोटाचा दुसरा. पूर्वी त्यांना एकच समजत. जनुकं वाचल्यावर लक्षात आलं, की त्यांचं येणं-जाणं लाखो वर्षांपूर्वीच थांबलं आहे. २०१७ साली भारतीय संशोधकांनी त्यांच्यासाठी शोलिकोला ही नवी प्रजातीच, म्हणजे जातींचा नवा गटच, मांडली. पंखानं जाता येण्यासारखं तीस किलोमीटरचं अंतर, पण ते उडतच नाहीत. अडथळा केवढा आहे हे ज्याला ओलांडायचा त्याच्यावरून ठरतं, हे मला या पक्ष्यांनी शिकवलं.

आणि एक बेडूक, ज्याचं नाव आपल्या नाशिककरांच्या कानाला गोड लागावं. शूर्पणखेच्या नासिकेवरून आपलं गाव. टोकदार नाकामुळे हा बेडूकही नासिकाबॅट्राकस. केरळातल्या इडुक्कीच्या या जांभळ्या बेडकाचं वर्णन २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोस्यूट यांनी प्रसिद्ध केलं. वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पहिल्या पावसात थोडे दिवस वर येतो. त्याचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक भारतात नाहीतच, ते आहेत हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर! एकेकाळी भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे भाग होते. ते वेगळे झाले साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. त्याच सुमारास ज्वालामुखीचा जो लाव्हा थरांवर थर पसरला, तोच आज अंजनेरीचा काळा खडक आहे. पठारावर बसून डबा खाल्ला असशील, तर त्या ताटातुटीच्या काळावरच बसला होतास.

या बेडकाची दुसरी जाती २०१७ साली तमिळनाडूच्या बाजूच्या उतारावर नोंदली गेली. दिवंगत सरीसृपतज्ज्ञ एस. भूपती यांच्या स्मरणार्थ तिचं नाव नासिकाबॅट्राकस भूपती. पश्चिम उताराचा बेडूक आपल्या जून महिन्याच्या पावसाबरोबर वीण करतो, पूर्व उताराचा ईशान्य मोसमी पावसाबरोबर, म्हणजे आपली दिवाळी होत असते तेव्हा. इगतपुरीत कोसळत असताना सिन्नरचे पत्रे कोरडे, हे तुला माहीत आहेच. डोंगराची धार पाऊस वाटते, पाऊस विणीचा महिना वाटतो, आणि महिने वेगळे झाले की धार ओलांडूनही भेट होत नाही.

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. थॉमसन, सोनाका, शरद अशा किती तरी जाती आम्ही पाहिल्या. दर काही वर्षांनी नवीन जात येते. हेच का ते नवीन जाती तयार होणं?
— एक बागायतदार

उत्तर : दादा, या घोटाळ्याला आपली भाषा जबाबदार आहे. आपण बाजरीची जात म्हणतो, गाईची जात म्हणतो, आणि जीवशास्त्रातही जाती म्हणतो. वर्तमानपत्रं त्यालाच प्रजाती म्हणतात. शालेय पुस्तकांत मात्र प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट. या सदरात मी पुस्तकाप्रमाणे जाते. तुमच्या थॉमसन, सोनाका, शरद या जाती नाहीत, ते वाण आहेत. सगळे एकाच जातीचे, व्हायटिस व्हिनिफेरा.

पण सोनाका कुठून आला हे आठवा. तो थॉमसनमधूनच निघाला. नक्कल करताना झालेली चूक, मण्याचा आकार लांबट झाला, आणि सोलापूरकडच्या जाणत्या बागायतदारांनी ती काडी वेगळी लावून वाढवली. वेगळी ठेवली म्हणून ती टिकली. बियांपासून पिढ्या वाढवल्या असत्या, तर परागांच्या मिसळणीत तो लांबट मणी कधीच हरवून गेला असता. दरीचं काम तिथे माणसाने केलं.

खरी दुसरी जाती तुमच्या बागेत आहे, आणि ती रोज तुमच्या पायाशी असते. कलमाची गाठ बघा. गाठीच्या वर व्हिनिफेरा, गाठीच्या खाली डॉगरिज. तो खुंट अमेरिकेतल्या टेक्सासच्या रानद्राक्षाचा. व्हायटिस चँपिनी म्हणतात त्याला. युरोप-आशियातलं द्राक्ष आणि अमेरिकेतली द्राक्षं यांच्यामध्ये अटलांटिक महासागर. लाखो वर्षं एकमेकांना न भेटता वाढलेल्या दोन घराण्यांची सोयरीक तुम्ही कलम भरून लावता.

ताटातुटीत दोघं काय काय वेगळं शिकले, ते १८६० च्या दशकात फ्रान्सने फार महागात अनुभवलं. अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाचा मुळांचा रस शोषणारा सूक्ष्म कीटक आला. अमेरिकन वेली त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जगल्या होत्या, त्यांच्या मुळांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. युरोपच्या वेलीने तो कधी पाहिलाच नव्हता. बागांमागून बागा वाळल्या. शेवटी उपाय सापडला तो हाच, वर युरोपची काडी आणि खाली अमेरिकेची मुळं. आपल्याकडे डॉगरिज आला तो खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून, पण युक्ती तीच.

आता माझ्या पहिल्या उत्तराला छेद देणारी गोष्ट. अमेरिकन आणि युरोपीय द्राक्षांचा संकर होतो, आणि त्या संकराला पुढे बीही धरतं. मायर यांच्या व्याख्येने मोजलं, तर त्यांना दोन जाती म्हणणं अवघड आहे. तरीही म्हणतात, कारण निसर्गात ती भेटत नव्हती आणि पान, मूळ, सोशिकपणा सगळंच वेगळं झालं आहे. डॉगरिज स्वतःसुद्धा अमेरिकेतल्या दोन रानद्राक्षांच्या नैसर्गिक संकरातून आलेला मानतात. जाती होणं हे दार लागण्यासारखं असतं. कुठे ते पूर्ण लागलेलं सापडतं, कुठे नुसतं लोटलेलं. द्राक्षाचं लोटलेलं आहे, आणि तुमचं पीक त्या फटीवर उभं आहे.

प्रश्न : आमचं गाव सुरगाण्याकडे डोंगरात आहे. पावसाळ्यात कधी कधी रस्ता तुटतो. आम्ही पण वेगळी जाती होऊ का?
— इयत्ता नववी

उत्तर : नाही बाळा. तुझ्या गावात सुना बाहेरून येतात ना? आणि तुझ्या आत्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या असतील. झालं तर, वाटी चालू आहे! चार महिने रस्ता तुटणं म्हणजे काहीच नाही. ऑस्ट्रेलियात माणूस निदान ५० हजार वर्षांपूर्वी पोचला आणि बाकी जगापासून बराचसा तुटून राहिला, तरीही तिथली माणसं आणि आपण एकच जाती. माणसाची पिढी पंचवीस-तीस वर्षांची, त्यामुळे आपल्यात फरक फार हळू साठतात. छान प्रश्न विचारलास. आणखी पत्रं पाठव.

प्रश्न : नवीन जाती व्हायला किती काळ लागतो? असं होताना कुणी पाहिलं आहे का?
— एक शिक्षिका, सटाणा

उत्तर : ताई, काळाला एक आकडा नाही. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी जमीन वर आली आणि दोन महासागर तुटले. चिमटा वाजवणाऱ्या कोळंबीच्या जोडगोळ्या आज तिथे आहेत, एक बहीण पॅसिफिककडे, दुसरी कॅरिबियन समुद्रात. नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या नर-माद्या एकत्र ठेवल्या, तेव्हा बहुतेक एकमेकांवर चिमटे उगारूनच उभ्या राहिल्या. दुसरीकडे युगांडात नाबुगाबो नावाचं छोटं तळं वाळूच्या बांधाने व्हिक्टोरिया सरोवरापासून तुटलं ते जेमतेम पाचेक हजार वर्षांपूर्वी, आणि तेवढ्यात तिथे सिक्लिड माशांच्या स्वतःच्या जाती दिसतात.

होताना पाहण्याबद्दल म्हणाल, तर पहिलं पाऊल नक्की पाहिलेलं आहे. डायान डॉड यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. एकाच मूळच्या फळमाशा वाटून काही स्टार्चच्या खाद्यावर वाढवल्या, काही माल्टोज साखरेच्या. अनेक पिढ्यांनी त्यांना पुन्हा एकत्र सोडलं, तर माशा आपल्याच खाद्यावर वाढलेला जोडीदार जास्त निवडू लागल्या होत्या. जोडीदार निवडायला कुणी शिकवलं नव्हतं, वाटलं होतं फक्त खाणं. आमच्या प्रयोगशाळेत पिकलेल्या केळ्यावर वाढवलेल्या माशांच्या बाटल्या हातात घेऊन हे सांगताना वर्ग शांत व्हायचा. तुम्हीही मुलांना सांगून बघा.

प्रश्न : सिन्नरजवळून समृद्धी महामार्ग गेला. धरणं, रस्ते, तारेची कुंपणं यांनी प्राणी तुटत चालले आहेत. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मग यातून नवीन जातीच तयार होतील, मग वाईट काय?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : हा प्रश्न आला म्हणून बरं वाटलं, कारण ही चूक मोठी माणसंही करतात. तुटलेल्या गटांपैकी नवीन जाती होईपर्यंत टिकतात ते फार थोडे. बाकीचे संपतात. आपल्याला दिसतात ते टिकलेले, म्हणून विलगीकरण म्हणजे निर्मिती असं वाटतं.

गट लहान असला, की नात्यातच वीण होते आणि दबलेले दोष वर येतात. एक वणवा, एक दुष्काळ, एखादी साथ आली की सगळाच गट जातो, आणि शेजारून भर पडत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पँथर म्हणतात तो प्यूमा उरला होता अवघा वीस-तीस. शेपट्या वाकलेल्या, हृदयात दोष. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा पुढची पिल्लं धडधाकट निघाली आणि संख्या वाढू लागली. बिघडलेल्या विरजणात शेजारची वाटी पडली.

समृद्धीवर वन्यप्राण्यांसाठी वरून आणि खालून जाण्याचे मार्ग बांधले आहेत, ते याच वाटीसाठी. बिबट्या एरवीही उसातून वाट काढतो. माझा जीव अडकतो तो बेडूक, सरडे, सापसुरळ्या यांच्यात. त्यांना सहा पदरी रस्ता म्हणजे पालघाटपेक्षाही मोठी खिंड. आणि खिंड पडायला लाखो वर्षं लागली, त्या काळात जिवांना सावरायला वेळ होता. रस्ता दोन उन्हाळ्यांत होतो.

अंजनेरीच्या झाडाचंही तेच आहे. त्याला एकांत आधीच भरपूर आहे, आणखी नको आहे. उन्हाळ्यात माथ्यावर वणवा लावू नये, पायवाट सोडून गवतात शिरू नये. पहिलं पत्र पाठवणाऱ्या मुलालाही हेच सांगायचं आहे: पुढच्या वर्षी जाशील तेव्हा फोटो काढ, पण कंद उकरू नकोस आणि जोडीने लागलेल्या बारीक शेंगा दिसल्या तर हात लावू नकोस. त्या फुटून म्हातारी उडायला दिवाळी उजाडते.